धर्मार्थ दवाखाना आजही का हवा?



वसंत ऋतूत विद्वानांना पाचारण करून त्यांची भाषणे ऐकण्याची ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावी ती रुजली. या परंपरेत आज चालकांनी आम्हांला उभे केले आहे. आम्ही विद्वान नाही. गावातला एक लहानसा धर्मार्थ दवाखाना चालवणारी आम्ही मंडळी. त्यात दोन निवृत्त डॉक्टर आहेत, औषधाच्या दुकानात उभा जन्म घालवलेले एक गृहस्थ आहेत, एक शिक्षिकाबाई आहेत आणि हिशेब पाहणारे बँकेतले एक कारकून आहेत. या सर्वांच्या वतीने बोलायचे असल्यामुळे भाषणात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा नसून संख्येचा आहे, असे श्रोत्यांनी कृपा करून समजावे.

वर्गणीसाठी आम्ही दारोदार जातो तेव्हा एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "अहो, आता सरकारने पाच लाखांचा विमा दिला, सरकारी दवाखाने मोफत केले, मग तुमचा हा फुकट दवाखाना आता कशाला?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला पैसे द्यायचे नसतात म्हणून तो विचारतो, असे आम्ही मानत नाही. ज्या कार्याला पैसे मागायचे त्याची गरज उरली आहे की नाही, हे विचारण्याचा देणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. आजचे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे, आणि उत्तर पटले तरच पुढची विनंती ऐकावी.

प्रथम थोडे मागे पाहू. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचा नावलौकिक प्राच्यविद्येच्या अभ्यासक म्हणून मोठा, पण मुंबईच्या गोरगरिबांना ते ठाऊक होते ते मोफत औषध देणारे डॉक्टर म्हणून. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा आरंभली, त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. मिरजेस डॉ. वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून उभे राहिले. या प्रत्येकाची प्रेरणा निराळी होती, कोणाची विद्येची, कोणाची समाजक्रांतीची, कोणाची धर्माची. परंतु तिघांपुढे प्रश्न एकच होता. रोग दार ठोठावताना घरची ऐपत विचारत नाही, औषध मात्र ऐपत विचारल्याशिवाय घरात येत नाही. या दोहोंमधले अंतर कोणी भरून काढायचे?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाला राष्ट्राच्या पातळीवर उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणीही योग्य वैद्यकीय मदतीला वंचित राहू नये, हे त्यातले मूलतत्त्व. दोनच वर्षांनी, ५ जुलै १९४८ रोजी, इंग्लंडने हे तत्त्व आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत उतरवले. आपल्याकडे त्याच वर्षी कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे त्याची योजना सुरू झाली. ही योजना चांगली आहे, कारण तीत दवाखान्यातली रोजची तपासणी आणि औषध दोन्ही येतात. पण ती कोणाची? जेथे दहा किंवा अधिक माणसे नोकरीस आहेत आणि ज्याचा पगार ठरावीक मर्यादेच्या आत आहे, त्याची. २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. आता आपल्या गावाकडे नजर टाका. घरोघर भांडी घासणाऱ्या बाई, रिक्षावाला, हमाल, गवंड्याच्या हाताखालची मजूर जोडी, भाजीची पाटी घेऊन बसणारी आजी, शिलाईचे मशीन टाकून बसलेला कारागीर, यांपैकी कोणाचे नाव कोणत्या कारखान्याच्या हजेरीपटावर आहे? कामगार राज्य विमा त्यांच्या दारावरून जातो, आत येत नाही.

मग त्यांच्यासाठी दुसरी व्यवस्था आली. महाराष्ट्र सरकारने २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर नेली, आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत उपचार, असे तिचे स्वरूप आहे. २०२४ साली सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तीत सामावून घेतले. आणि त्याच वर्षी राज्याच्या योजनेचेही दार सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत उघडले. ही कामगिरी मोठी आहे आणि आम्ही ती मोकळ्या मनाने मान्य करतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन विकावी लागलेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आज तशा अनेक कुटुंबांची जमीन वाचते.

पण श्रोतेहो, या योजनेचा कागद नीट वाचून पाहा. ती रुग्णालयात दाखल होणाऱ्याची योजना आहे. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढा काळ औषधे व तपासण्या धरल्या आहेत. सोळाव्या दिवशी काय? मधुमेह सोळाव्या दिवशी थांबत नाही. रक्तदाबाची गोळी जन्मभर घ्यायची असते. दम्याचा पंप दर महिन्याला संपतो. फीट येणाऱ्या मुलाचे औषध एक दिवस चुकले तर तो विहिरीच्या काठावर पडेल की चुलीपाशी, सांगता येत नाही. यांतले कोणीही रुग्णालयात दाखल नाही; म्हणून ज्यांच्या खिशात विम्याचे कार्ड आहे असे हे सर्व लोक रोजच्या औषधापुरते मात्र बिनविम्याचे आहेत.

हे दुखणे थोड्यांचे आहे असेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आणि सुमारे ३१ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, असा अंदाज निघतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांवरून दिसते की, देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांच्या वर होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांच्या आसपास आला. सुधारणा खरी आहे. तरीही शंभरांतले एकोणचाळीस रुपये आजाऱ्याच्या खिशातून जातात, आणि त्यांतला मोठा भाग दुकानातल्या औषधांवर खर्च होतो.

आता यातला उफराटा न्याय पाहा. रक्तदाबाची गोळी चुकली, वाढलेल्या दाबाने मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि माणूस अर्धांगाने आडवा झाला, की योजना धावून येते आणि लाखाचे बिल भरते. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तशुद्धीचा खर्च देते. पण ज्या गोळीने यातले पुष्कळसे टळले असते ती गोळी विकत घेण्याची पाळी आली, की त्या माणसाजवळ कोणी उभे नसते. घर जळाल्यावर नवे छप्पर देणारा उदार खराच, परंतु वेळेवर घागरभर पाणी देणाराही कोणी हवा की नको?

यावर कोणी म्हणेल की सरकारी आरोग्य केंद्रांत या गोळ्या मिळतात. मिळतात, हे खरे आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. जनऔषधी दुकानांत औषध स्वस्त मिळते. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही प्रथम तिकडची वाट दाखवतो. पण जी माणसे तरीही आमच्या बाकावर येऊन बसतात त्यांचे म्हणणे ऐका. सकाळी केंद्रात रांग लावायची म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. त्यातून कधी "गोळी संपली आहे, पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर आले, तर दुसरी मजुरीही गेली. परगावाहून बांधकामावर आलेल्या मजुराची शिधापत्रिका त्याच्या गावी, आधारवरचा पत्ता तिसऱ्याच ठिकाणचा, आणि साइट चार महिन्यांनी बदलणार. त्याला कोणत्या केंद्राचे रजिस्टर आपले म्हणणार? पोट भरत हिंडणाऱ्या माणसाचा रक्तदाबही त्याच्याबरोबर हिंडत असतो.

अशा माणसासाठी आमचा दवाखाना संध्याकाळी उघडतो. काम सुटल्यावर, अंगावरच्या सिमेंटच्या धुळीसकट त्याने यावे, अशी ती वेळ. आमचे कामकाज अगदी साधे आहे. शिक्षिकाबाई नाव, वय, काम आणि राहण्याचे ठिकाण वहीत लिहितात. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, कारण जो तासभर फुकट दवाखान्याच्या बाकावर बसतो त्याने आपली परिस्थिती सांगितलीच आहे. मग रक्तदाब, वजन, गरज असल्यास बोटातून काढलेल्या थेंबावर साखर. डॉक्टर तपासतात. मग औषधाची खिडकी. तिथे आमचे अनुभवी गृहस्थ महिन्याच्या गोळ्या मोजून देतात, सकाळच्या गोळीच्या पुडीवर सूर्य काढतात आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही चुकायला नको. पुढच्या महिन्याची तारीख कार्डावर लिहितात. त्या तारखेला माणूस आला नाही तर त्याच्या वस्तीत निरोप जातो. औषध देणे हे कामाचे अर्धे अंग आहे, ते चालू ठेवणे हे दुसरे अर्धे, आणि खरे कष्ट या दुसऱ्या अर्ध्याचे आहेत.

ज्याला आमच्या ताकदीबाहेरचे दुखणे आहे त्याला आम्ही ठेवून घेत नाही. त्याला विम्याचे कार्ड काढून देणे, रुग्णालयात बरोबर जाणे, हेही आमचे काम. येथे एक गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ कक आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना यांनुसार, राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, आणि त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्के बाजूला काढायचे असतात. हे ज्याला ठाऊक नाही तो रुग्ण दारातून परत फिरतो. ज्याच्याबरोबर हे ठाऊक असलेला एक माणूस असतो, त्याला पुष्कळदा खाट मिळते. असा बरोबर जाणारा माणूस ही सुद्धा एक औषधीच म्हणायची.

दुसरा एक आक्षेप जुना आहे. फुकट दिल्याने माणसाला किंमत राहत नाही, तो मिंधा होतो, असे सांगतात. याचा आम्ही पुष्कळ खल केला. काहींचे मत पडले की निदान पाच रुपये घ्यावेत. पण पाच रुपये नाहीत म्हणून परत गेलेला माणूस आपल्याला कधी दिसणारच नाही, ही अडचण कोणी सोडवू शकले नाही. शेवटी खिडकीपाशी एक पेटी ठेवली. तिच्याकडे कोणी पाहत नाही, कोणी पावती देत नाही. ज्याला वाटेल त्याने वाटेल ते टाकावे. भाजीवाल्या आजी जुडी आणून ठेवतात, एका सुताराने औषधाच्या कपाटाची बिजागरी बसवून दिली. मिंधेपणा फुकट मिळण्याने येत नाही, तो देणाऱ्याच्या नजरेने येतो, असे आमचे या अनुभवावरून मत झाले आहे.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आम्हांलाही बोचतो. आरोग्य पुरवणे हे शासनाचे कर्तव्य. तुम्ही दयेची ठिगळे लावत बसलात तर शासन आपल्या कर्तव्यातून मोकळे होईल, असे काही विचारवंत सांगतात. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. त्या श्रीमंत देशात १९६५ साली वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी विमा आला. तरीही मधला मोठा वर्ग बिनविम्याचा राहिला. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी मोफत दवाखाना उघडला आणि पुढे तशांची चळवळच झाली. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या हिल्टन हेड बेटावर डॉ. जॅक मॅकॉनेल या निवृत्त डॉक्टरांनी आपल्यासारख्याच निवृत्त डॉक्टरांना गोळा केले. परवान्याची अडचण आली तेव्हा त्यांच्यासाठी राज्याच्या कायद्यात सोय करवून घेतली, आणि १९९४ साली दवाखाना सुरू केला. २०१० साली तेथे आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. बिनविम्याच्या लोकांची संख्या खूप घटली, तरीही २०२३ साली ती अडीच कोटींच्या वर होती, आणि मोफत दवाखाने आजही तेथे चालू आहेत. यातून आम्ही एवढाच बोध घेतो की, कायदा कितीही रुंद केला तरी त्याच्या कडेला काही माणसे उरतात. कायदा आणखी रुंद व्हावा म्हणून भांडणे आणि तोपर्यंत कडेच्या माणसाला गोळी देणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने करण्यात विरोध नाही. आमच्या वहीतली नोंद, म्हणजे कोण आले, कोठून परत फिरून आले, कोणती गोळी केंद्रात मिळाली नाही, ही आम्ही आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेऊन देतो. या वहीची गरज ज्या दिवशी संपेल त्या दिवशी आम्ही आनंदाने कुलूप लावू. तो दिवस अजून उगवलेला नाही.

आता विनंती. दान म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे इमारत येते. खोलीला वडिलांचे नाव, पंख्यावर आजोबांचे नाव, दारात संगमरवरी पाटी. गोळीवर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही, ती पोटात जाते आणि विरून जाते. म्हणून बांधकामाला पैसा मिळतो आणि औषधाचे कपाट महिन्याच्या विसाव्या दिवशी रिकामे होते. हिशेब करून पाहा. एक गोळी दोन रुपयांची धरली आणि एका माणसाला रोज दोन गोळ्या लागल्या, तर वर्षाला १,४६० रुपये होतात. लग्नातल्या एका पंगतीतल्या मोजक्या पानांचा हा खर्च आहे. एका घराने एका माणसाची वर्षाची गोळी पत्करावी, एवढेच आमचे मागणे आहे. एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दरमहा थोडे पण न चुकता द्यावे, कारण औषधही न चुकता घ्यायचे असते. आमच्या विश्वस्त व्यवस्थेचे हिशेब कायद्याप्रमाणे तपासले जातात आणि ते दवाखान्यात केव्हाही येऊन पाहावेत.

एक सूचना औषधांविषयी. घरात उरलेल्या गोळ्या पिशवीत भरून आणून देण्याचा प्रेमळ प्रघात आहे. भावना समजते, पण अर्धी कापलेली पट्टी, मुदतीची तारीख गेलेली किंवा तारखेचा कोपराच नाहीसा झालेला, अशी औषधे आम्हांला टाकून द्यावी लागतात. दान म्हणून येणाऱ्या औषधाची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही दंडक आहे. जे औषध आपण आपल्या आईला देणार नाही ते गरिबालाही देऊ नये.

आणि पैशाइतकीच माणसांची गरज आहे. आमचे दोन्ही डॉक्टर सत्तरी ओलांडून गेले आहेत. जिना चढताना ते थांबतात, हे रुग्णांच्याही ध्यानात आले आहे. या सभेत तरुण डॉक्टर बसले असतील. त्यांनी आठवड्याची एक संध्याकाळ द्यावी. ज्यांना वैद्यक येत नाही त्यांनी वही लिहावी, वस्तीत निरोप न्यावा, रुग्णालयात बरोबर जावे. निवृत्त मंडळींनी कार्डांचे आणि अर्जांचे काम अंगावर घ्यावे. सरकारी अर्ज भरण्यात ज्यांचा जन्म गेला अशी माणसे या गावात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या विद्येला आता कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो.

श्रोतेहो, उद्या या मंडपात याहून रंजक विषय होईल आणि तो ऐकायला आम्हीही येऊ. पण जाण्यापूर्वी आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना एवढे एकदा विचारा, की त्यांची गोळी चालू आहे ना? त्या "संपली" म्हणाल्या, तर सरकारी केंद्राची वाट दाखवा. तेथे जमले नाही तर आमच्याकडे पाठवा. आम्ही संध्याकाळी उघडे असतो. कपाटात त्या दिवशी गोळी असेल की नाही, हे आम्ही आणि आपण मिळून ठरवायचे आहे.